गाडी कंपनीची होती, चालक कोण होता?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दसऱ्याच्या मुहूर्तावर गाडी दारात यावी म्हणून हायवेलगतच्या शोरूममध्ये जी गर्दी असते, तिच्यात आमच्या एमआयडीसीतली तरुण मुलं पुष्कळ असतात. कालपर्यंत कंपनीची गाडी घेऊन पुण्या-बेळगावच्या फेऱ्या मारणारी ही मुलं पहिल्यांदाच स्वतःच्या नावावर गाडी घेत असतात. त्यांना एक प्रश्न पडतो आणि त्याचं उत्तर त्यांना बहुतेक वेळा चुकीचं मिळतं, म्हणून हे पत्र. कंपनीची गाडी चालवताना झालेले अपघात स्वतःच्या गाडीचा विमा काढताना सांगायचे का?

शोरूममधलं उत्तर तयार असतं. "कशाला सांगताय साहेब? गाडी कंपनीची, पॉलिसी कंपनीची, क्लेम कंपनीनं घेतला. तुमचा काय संबंध?" ऐकायला अगदी पटतं. आणि अर्धं उत्तर खरंही आहे, पंचाईत तिथेच होते.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या प्रशासन विभागातून निवृत्त झाले. कँटीनच्या गॅसपासून पाहुण्यांच्या अंबाबाई दर्शनापर्यंत जे काम कुणाचंच नसतं ते प्रशासनाचं, तशा कंपनीच्या गाड्याही माझ्याकडे होत्या. गाड्यांसाठी मी दोन गोष्टी ठेवत असे, क्लेमची फाइल आणि एक लांबलचक रजिस्टर. विमा कंपनीकडे गेलेलं प्रकरण फाइलला लागायचं. रजिस्टरमध्ये मात्र सगळंच यायचं: कोण गाडी घेऊन गेला, कुठं घासली, कुठं ठोकली, दुरुस्तीला किती लागले. रजिस्टर कायम फाइलपेक्षा जाड असायचं.

त्याचं कारण नो क्लेम बोनस. वर्षभर क्लेम घेतला नाही तर पुढच्या वर्षी स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, म्हणजे ओन डॅमेजच्या, हप्त्यात 20 टक्के सूट मिळते. मग 25, 35, 45 आणि शेवटी 50 टक्के. थर्ड पार्टीच्या, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्यासाठीच्या, हप्त्यावर ही सूट नसते. एक क्लेम घेतला की पुन्हा शून्यापासून सुरुवात. त्यामुळे बंपर गेला, आरसा तुटला, लाइट फुटली तर आमचे साहेब म्हणायचे, "क्लेम करू नका, उद्यमनगरात टाका गाडी, करून घ्या." पैसे कंपनी भरायची, विमा कंपनीला पत्ताही लागायचा नाही. पण अपघात झालेलाच असायचा, आणि चालकाच्या रकान्यात कुणाचं तरी नाव असायचं.

आता अर्जाकडे येते. विम्याचा प्रस्ताव अर्ज, ज्याला सगळे प्रपोजल फॉर्म म्हणतात, तो शोरूममध्ये कुणी वाचत नाही. मुलगा समोर बसून संगणकावर टकटक करतो, आपल्या मोबाइलवर ओटीपी येतो, आपण आकडे सांगतो, पाच मिनिटांत पॉलिसी व्हॉट्सअ‍ॅपवर. पण खासगी गाडीच्या छापील प्रपोजल फॉर्ममध्ये गाडीची माहिती संपली की चालकाची माहिती विचारणारा एक भाग बऱ्याच कंपन्यांच्या अर्जात असतो. वय किती, नजर-ऐकू येणं ठीक आहे का, काही शारीरिक अडचण आहे का. आणि त्याच्याखाली: चालक कधी एखाद्या अपघातात किंवा नुकसानीत सापडला आहे का, त्याबद्दल शिक्षा झाली आहे का? असल्यास चालकाचं नाव, अपघाताची तारीख, परिस्थिती, नुकसानीची रक्कम लिहा, प्रलंबित खटलेही लिहा.

हा प्रश्न नीट वाचा. 'या गाडीला' असं त्यात नाही, 'तुमच्या मालकीच्या गाडीला' असंही नाही आणि 'क्लेम घेतला का' असंही नाही. चालक अपघातात होता का, एवढंच विचारलंय. तेव्हा आमच्या रजिस्टरमध्ये ज्याचं नाव आहे, त्याचं उत्तर 'नाही' होऊच शकत नाही.

त्याच अर्जात दुसरा प्रश्न असतो तो मागच्या पॉलिसीचा: आधीच्या पॉलिसीवर क्लेम घेतला का, नो क्लेम बोनस किती? याचं उत्तर वेगळं. नो क्लेम बोनस हा पॉलिसी ज्याच्या नावावर त्याचा. कंपनीच्या गाडीवरचा क्लेम कंपनीचा बोनस घालवतो, तुमचा नाही, कारण तुमचा बोनस मुळात नव्हताच. शोरूमवाल्याचं जे अर्धं उत्तर खरं म्हणाले ते एवढ्यापुरतं. हे दोन प्रश्न एकाच पेल्यात ओतले की घोटाळा होतो.

आमच्याकडून दुसऱ्या कंपनीत गेलेला एक सेल्स इंजिनिअर मध्यंतरी घरी आला होता. पहिली गाडी बुक केलेली, आई-वडिलांना जोतिबाला घेऊन जायचं ठरलेलं. एजंटानं "नाही, नाही, नाही" असं सगळीकडे टिक केलेलं बघून त्याला शंका आली. म्हणाला, "मॅडम, माझी तीन प्रकरणं तुमच्या रजिस्टरला आहेत. लिहायची का?"

पहिलं गळीत हंगामातलं. रात्री हातकणंगल्याकडून येताना पुढं ट्रॅक्टरला जोडलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या, मागं रिफ्लेक्टर नाही, लाइट नाही, आणि ऊस बाहेर आलेला. आपल्या भागात गाडी चालवणाऱ्याला हे सांगायला नको. गाडीचं तोंड गेलं, क्लेम झाला. दुसरं सांगली फाट्याजवळचं. दुचाकीवाल्याच्या पायाचं हाड मोडलं, पोलिसांत नोंद झाली, पुढे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दावा लागला. तिसरं गांधीनगरात रिव्हर्स घेताना मागची लाइट फुटली ते, कंपनीनं खिशातून भरलं.

दुसऱ्याबद्दल वादच नाही. ज्यांची अशी समजूत आहे की कंपनीच्या गाडीचं प्रकरण कंपनीवरच राहतं, त्यांनी दाव्याची प्रत एकदा बघावी. मालक म्हणून कंपनी असते, विमा कंपनी असते आणि त्यांच्या बरोबरीनं चालकही सामनेवाला असतो. नाव, वय, पत्ता सगळं कोर्टाच्या कागदावर. शिवाय क्लेम फॉर्मवर चालकाचं नाव आणि लायसन्सची झेरॉक्स आम्हीच जोडलेली. म्हणजे लपवायचं म्हटलं तरी लपण्यासारखं काही उरलेलं नाही. फौजदारी प्रकरण चालू असेल तर अर्ज तेही स्वतः विचारतो.

पहिलंही लिहायचं. त्याला वाईट वाटलं, "पण मॅडम, चूक माझी नव्हती." अरे बाबा, चूक कुणाची हे विचारलेलंच नाही. परिस्थिती लिहायला जागा दिलेली आहे, तिथं लिही ना, 'विनारिफ्लेक्टर ऊस ट्रॉली, रात्रीची वेळ.' ती जागा आपल्याच सोयीची आहे आणि लोक तिथं रेघ मारून मोकळे होतात.

तिसऱ्यावर मात्र आमच्या घरातच दुमत आहे. आमच्या ह्यांचं म्हणणं, लाइट फुटली हा काय अपघात झाला, असं सगळं लिहायला बसलात तर अर्जाला पुरवणी लागेल. माझं मत वेगळं. अर्जात 'अपघात किंवा नुकसान' असं असेल तर एक ओळ लिहावी, 'किरकोळ, क्लेम नाही.' एका ओळीनं कुणाचं काही जात नाही.

आणि जात नाहीच, ही त्यातली गंमत. आपल्याकडे खासगी गाडीचा हप्ता मुख्यतः गाडीचं मॉडेल, तिची विमा किंमत, इंजिनाची क्षमता, गाडीचं वय, ती कुठल्या झोनमध्ये नोंदली आहे आणि नो क्लेम बोनस यांवर ठरत आला आहे. कोल्हापूर बी झोनमध्ये येतं, पुणे-मुंबई ए झोनमध्ये. थर्ड पार्टीचा हप्ता तर सरकारच ठरवतं. ओन डॅमेजचे दर 2007 पासून कंपन्यांना मोकळे झालेत, त्यामुळे चालकाचा इतिहास पाहून दर ठरवायला त्यांना आडकाठी नाही, पण माझ्या पाहण्यात तरी अशा एखाद-दुसऱ्या नोंदीनं हप्ता भडकलेला नाही. म्हणजे खरं सांगितल्यानं बहुधा काहीच जात नाही आणि खोटं निघालं तर क्लेमच्या दिवशी भांडण. असला व्यवहार कोल्हापूरचा व्यापारी कधी करेल का? पण अर्जावर रोज होतोय.

भांडणात कायदा कुणाच्या बाजूला आहे तेही सांगते. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका आयुर्विम्याच्या प्रकरणात स्पष्ट केलं की सही केलेल्या अर्जात खोटी माहिती असेल, तर 'मी न वाचता सही केली' असं म्हणून सहसा सुटका होत नाही. प्रकरण आयुर्विम्याचं असलं तरी सही ही सहीच, आणि ओटीपी ही आजची सही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 150 मध्ये तर थर्ड पार्टीच्या बाबतीतही विमा कंपनीला एक बचाव दिलेला आहे: महत्त्वाची माहिती दडवून किंवा खोटी सांगून पॉलिसी घेतली होती. तो बचाव प्रत्येक वेळी टिकतोच असं नाही, दडवलेली गोष्ट महत्त्वाची होती हे कंपनीला दाखवावं लागतं. पण ते ठरेपर्यंत खेपा आपल्याच.

आता नो क्लेम बोनसचा उलटा प्रकार, जो मला जास्त धोक्याचा वाटतो. कंपन्या जुन्या गाड्या बऱ्याचदा त्या वापरणाऱ्या कर्मचाऱ्यालाच विकतात. गाडी हातातली, सर्व्हिसिंग माहितीचं, किंमत वाजवी, सौदा चांगला. आरटीओत नाव बदलतं. आणि विमा बदलताना एजंट म्हणतो, "जुन्या पॉलिसीवर 45 टक्के दिसतोय, तोच टाकतो." ओन डॅमेजचा हप्ता समजा 12,000 रुपये असेल, तर 5,400 रुपये वाचतात. कुणाला नको असतील?

पण तो बोनस कंपनीचा. गाडी विकली म्हणून तो गाडीबरोबर जात नाही, कंपनी तो आपल्या दुसऱ्या गाडीसाठी वापरू शकते. अर्जात मात्र आपण लिहून देतो की मागितलेला बोनस बरोबर आहे, आणि हे खोटं ठरलं तर पॉलिसीच्या पहिल्या भागाचे, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीचे, सगळे लाभ जप्त. 5,400 रुपये वाचवून आख्ख्या गाडीची भरपाई टांगणीला लावायची.

यातला सरळ मार्ग फार थोड्यांना माहीत आहे. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये, म्हणजे गाडीच्या विम्याच्या देशभरच्या नियमावलीत, नो क्लेम बोनसच्या नियमातच तशी तरतूद केलेली आहे. संस्थेच्या मालकीची गाडी एका कर्मचाऱ्याला दिलेली असेल, ती फक्त तोच चालवत असेल आणि पुढे तीच गाडी त्याच्या नावावर झाली, तर त्या काळात मिळवलेला बोनस त्याला देता येतो. अट एकच: संस्थेनं तसं पत्र द्यायचं. म्हणजे जो बोनस मुलं चोरून घेतात, तो पत्र आणलं तर हक्कानं मिळू शकतो. गाडी पूलमधली असेल, आज हा उद्या तो, तर मात्र नाही. आणि नावावर झाल्यापासून 14 दिवसांत पॉलिसीवर नाव बदलायला विमा कंपनीकडे अर्ज करायचा, हे आरटीओच्या धावपळीत राहून जातं.

पुराबद्दलही विचारतात. 2019 आणि 2021 च्या पुरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी, नागाळा पार्क या भागांत उभ्या गाड्या पाण्यात गेल्या, त्यात कंपन्यांच्याही होत्या. ज्याच्या दारात ती उभी होती त्यानं स्वतःच्या अर्जात लिहायचं का? माझ्या मते चालकाच्या अपघाताच्या प्रश्नात ते येत नाही, गाडी कुणी चालवतच नव्हतं. पण 'कधी कुठला मोटार क्लेम झाला का' असा मोकळा प्रश्न असेल तर 'कंपनीची गाडी, उभी असताना पुरात' एवढं लिहून टाकावं. प्रश्न जेवढा, उत्तर तेवढं. नसलेल्या प्रश्नाची उत्तरं देत बसायचीही गरज नाही.

ब्रिटनमध्ये ही गोष्ट जास्त रोखठोक आहे. माझी भाची तिकडे असते. गाडीचा विमा घेताना गेल्या साधारण पाच वर्षांतले सगळे अपघात विचारतात, चूक कुणाचीही असो, क्लेम केलेला असो वा नसो, आणि कंपनीच्या गाडीतलेही त्यात धरतात. क्लेमच्या नोंदी विमा कंपन्यांच्या सामाईक यादीत असतात, त्यामुळे जुळवणी पटकन होते. मला आवडलेली गोष्ट तिथल्या 2012 च्या कायद्यातली. ग्राहकानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर वाजवी काळजी घेऊन द्यायचं, एवढीच अपेक्षा. नजरचुकीनं राहिलं तर भरपाई हप्त्याच्या प्रमाणात कमी करता येते, जाणूनबुजून फसवलं तर पॉलिसीच रद्द. आपल्याकडे अशी पायरी-पायरीची रचना झाली तर निम्मे वाद मिटतील. तिकडे आणखी एक सोय आहे: कंपनीची गाडी अनेक वर्षं विनाअपघात चालवली असेल, तर मालकाचं पत्र काही विमा कंपन्या सवलतीसाठी ग्राह्य धरतात. म्हणजे त्या पत्राचा उपयोग दोन्हीकडे होतो, वाईट सांगायलाही आणि चांगलं सांगायलाही.

माझी मागणी त्या पत्राचीच आहे. माणूस नोकरी सोडतो तेव्हा आपण रिलीव्हिंग लेटर देतो, अनुभवाचा दाखला देतो, कँटीनची थकबाकी कापून घेतो. त्याच वेळी कंपनीची गाडी चालवणाऱ्याला एक पान द्यायला काय हरकत आहे? कुठल्या काळात कुठल्या नंबरची गाडी होती, ती एकट्याकडे होती की पूलमध्ये, कोणत्या तारखेला कुठं काय झालं, क्लेम झाला की कंपनीनं भरलं, पोलीस किंवा न्यायाधिकरणातलं काही बाकी आहे का. काही झालंच नसेल तर तसं लिहायचं. पाच वर्षांपूर्वीची तारीख कुणाच्या लक्षात राहते? त्या सेल्स इंजिनिअरच्याही नव्हती, जुन्या सहकाऱ्याला फोन करून रजिस्टरमधून काढून घ्यावी लागली. प्रत्येकाला असा फोन करायला माणूस मिळतोच असं नाही, आणि रजिस्टर तर आता कित्येक ठिकाणी राहिलेलंच नाही.

स्मॅक आणि गोशिमा या आपल्या दोन्ही औद्योगिक संघटनांना विनंती आहे की त्यांनी अशा पत्राचा एक मराठी नमुना करून सभासद कंपन्यांना पाठवावा. एचआरवाल्यांचं काम पाच मिनिटांचं आहे.

शोरूममधल्या मुलांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना दिवसाला ठराविक पॉलिसी काढायच्या असतात. पण अर्ज दुसऱ्यानं भरला असेल, तर 'मजकूर मला नीट समजावून सांगितला आणि मला तो कळला' असं ग्राहकाकडून घेण्याची पद्धत विमा प्राधिकरणाच्या नियमांत आहे. ते समजावणं खरंच व्हावं. चालकाचा तो एक प्रश्न मराठीत मोठ्यानं वाचून दाखवायचा आणि उत्तर ऐकून मगच टिक करायची, एवढंच. विमा कंपन्यांनीही मोबाइलवरच्या अर्जातून तो प्रश्न गाळू नये, आणि ठेवताना 'नोकरीतली किंवा दुसऱ्याची गाडी धरून' एवढे शब्द वाढवावेत. आज अनेक ठिकाणी फक्त 'मागच्या वर्षी क्लेम घेतला का' एवढंच विचारतात आणि माणसाला वाटतं विषय तिथंच संपला.

ग्राहकानं भरलेल्या अर्जाची प्रत मागून घ्यावी, ती फुकट मिळायला हवी. पॉलिसी हातात आल्यावर त्यात चूक दिसली, तर क्लेमची वाट न बघता लगेच विमा कंपनीला ईमेल करून दुरुस्ती मागावी आणि उत्तर जपून ठेवावं. तक्रार करायची वेळ आलीच तर आधी विमा कंपनीकडे लेखी, मग विमा लोकपालाकडे. कोल्हापूरसाठी हे कार्यालय पुण्याला आहे, वकील लागत नाही आणि फीही नाही.

त्या मुलानं एजंटाकडून अर्ज बदलून घेतला. एजंट थोडा कुरकुरला, म्हणाला, "एवढं कोण लिहितंय?" हप्ता होता तेवढाच राहिला.

आपली,
एक निवृत्त प्रशासन अधिकारी,
राजारामपुरी, कोल्हापूर
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)